साडेनऊचा फोन

दिवाळी आली की मुंबईतल्या कॉट बेसिसच्या खोल्या रिकाम्या होतात. वसुबारसेपासूनच कुर्ला टर्मिनस, परळचा एसटी डेपो, सायनला ट्रॅव्हल्सच्या गाड्या थांबतात ती जागा, सगळीकडे माणसांची रीघ लागते. फराळ गावाला आई करणार असते, त्यामुळे पिशवीत असतात नवे कपडे, धाकट्यांसाठी टिकल्यांची पाकिटं, आईसाठी घेतलेली साडी. खाणावळवालाही गावी जातो आणि चार-पाच दिवस चूल बंद असते. अशा वेळी खोलीत एखादा मागे राहिलेला दिसला आणि त्याला विचारलं, तर तो म्हणतो, "सुट्टी नाही मिळाली." काहींना खरोखरच मिळालेली नसते. सिक्युरिटीत, हॉटेलात, कुरियरमध्ये सणाला कोण सुट्टी देतो? पण काहींना सुट्टी असते, थोडाफार बोनसही हातात असतो, आणि जायला घर नसतं. म्हणजे घर जागेवर असतं, दारात कंदील लागलेला असतो. फक्त तू येऊ नकोस, असं त्यांना सांगितलेलं असतं.

का, तर मुलाला मुलगे आवडतात. किंवा मुलीने मैत्रिणीबरोबर आयुष्य काढायचं ठरवलंय. किंवा घरच्यांनी जिला मुलगा म्हणून वाढवलं, ती सांगतेय की मी मुलगी आहे.

मी गेली काही वर्षं रविवारी एका संस्थेच्या वर्गात अशा मुलामुलींना कॉम्प्युटर आणि कामापुरतं इंग्रजी शिकवते. वय अठरा ते पंचवीस. अर्ज कसा लिहायचा, एक्सेलमध्ये बेरीज कशी घ्यायची, मुलाखतीत स्वतःविषयी काय सांगायचं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड जाते. 'घरी कोण कोण असतं?' हा मुलाखतीतला सगळ्यात सोपा प्रश्न समजला जातो; समोरचा जरा मोकळा व्हावा म्हणून विचारतात. आमच्या वर्गात त्याच प्रश्नाला मुलं गप्प होतात. वर्ग सुटल्यावर चहा होतो, आणि मी इथे जे लिहितेय ते बरंचसं त्या चहावरच्या गप्पांतून कळलेलं आहे. नावं लिहीत नाही. गावंही बदलली आहेत.

आपल्याकडे मूल एका फटक्यात घराबाहेर काढलं जात नाही. आधी मोबाइल तपासला जातो. मग काढून घेतला जातो. मग मामा समजवायला येतो. मामाने होत नाही म्हटल्यावर देवऋषी, मग डॉक्टर, काही घरांत दोन्ही. मग स्थळं बघायला सुरुवात होते, कारण लग्न झालं की सगळं ठीक होतं यावर आपल्या समाजाची गाढ श्रद्धा आहे. वर्गातल्या एका मुलीचं कॉलेज बंद करून तिला दुसऱ्या जिल्ह्यात आत्याकडे ठेवलं होतं आणि आत्या बाहेर जाताना दाराला कुलूप लावून जायची. एका मुलाचं ताट वेगळं केलं होतं. मारलं नाही, शिवी दिली नाही, ताट तेवढं वेगळं. तो म्हणाला, "मारलं असतं तर थांबलो असतो." असं करत करत एका पहाटे पोर उठून निघून जातं आणि घरचे चारचौघांत सांगतात, आम्ही कुठे काढलं, तोच गेला.

तिथून पुढे मित्राच्या खोलीवर काही रात्री. मित्राचा खोलीमालक कुरकुरला की दुसऱ्या मित्राकडे. मग मोबाइलवर ओळख झालेल्या एखाद्याकडे, त्याच्या अटींवर. मग स्टेशन. तृतीयपंथी मुलगी असेल तर कुणीतरी तिला डेऱ्यावर, म्हणजे तृतीयपंथी मंडळी एकत्र राहतात त्या घरी, नेऊन तिथल्या गुरूच्या पायावर घालतं. अशा पोरांची मोजदादही होत नाही. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. फुटपाथ, पुलाखाली, फलाटावर झोपलेल्यांची. त्या रात्री मित्राच्या गादीच्या कडेला अंग चोरून झोपलेलं पोर त्यात येणार कसं? त्याच जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज 'इतर' असा पर्याय पहिल्यांदा होता. देशात 4,87,803 जणांची नोंद त्यात झाली, महाराष्ट्रात 40,891. पण घरात किती माणसं आणि कोण कोण, हे प्रगणकाला सांगतो कुटुंबप्रमुख. ज्या बापाने मुलाचं नावच टाकलं, तो त्याला कोणत्या रकान्यात घालणार? समलिंगी मुलामुलींसाठी तर रकानाही नाही.

या भटकंतीत मुलांना दारूही भेटते. आता तिच्याकडे येते.

एका वाढदिवसाला वर्गातल्या काही जणांनी मला त्यांच्या मानखुर्दच्या खोलीवर बोलावलं होतं. दहा बाय बाराची खोली, सहा जण. भिंतीला आडवी दोरी आणि दोरीवर साडी, जीन्स, कुरियर कंपनीचा टी-शर्ट, दोन पंजाबी ड्रेस. एक जण नुकतीच मंगतीहून, म्हणजे लोकलच्या डब्यांतून पैसे मागून आली होती. तिने कापसावर खोबरेल तेल घेऊन चेहरा पुसला, हनुवटीखालचा भाग दोनदा पुसला, मग प्लास्टिकच्या बादलीत पाय बुडवून भिंतीला टेकून बसली. दुपारभर टाळी वाजवली की तळहात हुळहुळतात, रात्री भाजीचं गरम पातेलं धरवत नाही, हे मला तेव्हा समजलं. मग पैसे निघाले. कुणी पन्नास टाकले, कुणी वीस, एकाने काहीच नाही. त्या दिवशी त्याला काम मिळालं नव्हतं. त्याचाही पेला भरला गेला. 'उद्या दे' असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. देशी संत्र्याच्या बाटल्या, शेव-कांदा, उकडलेली अंडी, आणि माझ्यासाठी मुद्दाम आणलेलं थम्सअप. पहिला पेला संपेपर्यंत दिवसभरात काय झालं ते कुणी काढत नाही, असा त्या खोलीचा अलिखित नियम आहे. दुसऱ्या पेल्याला एक जण म्हणाला की फलाटावर पोलिसाने कानाखाली काढली. त्याचं डोकं कुणीतरी मांडीवर घेतलं. तिसऱ्याला गाणी सुरू झाली.

केक कापणारी मुलगी मला म्हणाली, "मावशी, रडायचं असलं तरी आणतो आणि हसायचं असलं तरी आणतो."

त्या खोलीत मला जी माया दिसली ती खरी होती. तापात एकमेकांच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी, एकमेकांचं अडलेलं भाडं भरणारी ती माणसं आहेत. 'आधार' हा शब्द सरकारी कागदावर जितक्या वेळा छापला जातो, तितक्या वेळा तो इथे प्रत्यक्ष घडतो. पण ही माया रात्री आठ ते अकराच्या दरम्यान भेटते आणि मध्ये बाटली असते. त्यांच्यातल्या एका मुलाने मधे सोडायचं ठरवलं. कुणी अडवलं नाही, उलट पाठ थोपटली. पण दहा बाय बाराच्या खोलीत न पिणाऱ्याने बसायचं कुठे? तो संध्याकाळी बाहेर जिन्यावर बसू लागला. आतून हसण्याचा आवाज यायचा. काही दिवस त्याने जिन्यावर काढले आणि मग उठून आत गेला. त्याला दारूची ओढ लागली होती का? थोडी असेलही. पण त्याने मला जे सांगितलं ते असं, की घरातून एकदा बाहेर पडलोच होतो, आता या घरातूनही बाहेर बसवत नाही.

मला इथे एकच गोष्ट सांगायची आहे, ती हीच. या मुलांच्या बाबतीत सोबत आणि दारू एकाच दारातून आत येतात. 'सोबत वाढवा म्हणजे व्यसन आपोआप कमी होईल' हे सभेत म्हणायला ठीक आहे. सोबत कुणाची, कुठल्या वेळेला, कुठल्या जागी, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. महाराष्ट्रात 1949 पासूनच्या दारूबंदी कायद्याप्रमाणे कडक दारूसाठी वय 25 लागतं आणि परवानाही लागतो. देशीच्या दुकानात या मुलांना कुणी काही विचारत नाही. भाड्याच्या खोलीला करारनामा लागतो, नोकरीला पत्त्याचा पुरावा लागतो, दवाखान्याच्या खिडकीवर कागदावरचं नाव आणि समोरचा चेहरा जुळत नाही म्हणून रांगेतून बाजूला उभं करतात. शहरात जिथे त्यांना नाव, गाव, नातं यांतलं काहीच सांगावं लागत नाही, तो काउंटर फक्त दारूचा आहे. इलान मायर या अमेरिकी संशोधकाने 2003 साली मांडलं की अल्पसंख्य असण्याचा ताण इतर सगळ्या ताणांवर चढून बसतो. अपमान झाला नाही तरी तो होईल या भीतीने आणि स्वतःला लपवत राहण्याच्या श्रमाने माणूस झिजतो. रांगेत उभ्या असलेल्या या पोरांकडे पाहिलं की ती झीज दिसते. मग ज्या काउंटरवर ती थांबते तिकडे पाय वळतात.

बाटली आणि ही बिरादरी यांचा संबंध मानखुर्दला सुरू झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या दशकात समलिंगी माणसांना एकत्र बसायला बारखेरीज जागाच नव्हती, आणि बारवालेही त्यांना वाढायला घाबरत, कारण परवाना जाईल. 21 एप्रिल 1966 ला काही तरुण ज्युलियस नावाच्या बारमध्ये गेले, आम्ही समलिंगी आहोत असं सांगून त्यांनी पेय मागितलं, आणि ते नाकारलं गेल्यावर त्यावरून वाद उभा केला. एका पेल्यासाठी भांडण! पण ते पेल्यासाठी नव्हतंच, बसण्याच्या हक्कासाठी होतं. स्टोनवॉल इन हा बार तर माफियांच्या हातात होता आणि त्याला दारूचा परवानाच नव्हता. 28 जून 1969 च्या पहाटे तिथे पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी प्रतिकार केला. त्यात सगळ्यात पुढे जी पोरं होती त्यांतली कित्येक समोरच्या ख्रिस्तोफर पार्कमध्ये झोपणारी होती, घरून हाकललेली. आज जगभर जूनमध्ये मिरवणुका निघतात त्या या घटनेच्या आठवणीसाठी. बाकांवर झोपणाऱ्या त्या पोरांची आठवण मात्र त्या मिरवणुकांत क्वचितच निघते.

त्याच बिरादरीतल्या सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन यांना ती आठवण होती. 1970 साली सिल्व्हिया एकोणीस वर्षांची आणि मार्शा पंचविशीची. दोघींनी आधी एका उभ्या ट्रेलरमध्ये आणि मग ईस्ट सेकंड स्ट्रीटवरच्या एका पडक्या इमारतीत अशा पोरांसाठी घर मांडलं. पोरांना रस्त्यावर धंदा करावा लागू नये म्हणून भाड्यासाठी त्या दोघी स्वतः तो करत होत्या. 1971 मध्ये घर गेलं. पुढे सिल्व्हिया स्वतः बेघर झाली, हडसन नदीच्या धक्क्यावर राहिली, दारूच्या फेऱ्यात सापडली. मग ब्रुकलिनमध्ये दोन ट्रान्स स्त्रियांनी चालवलेल्या एका घरात तिला खोली मिळाली. ते घर तिच्याच जुन्या घरावरून सुचलेलं होतं. फेब्रुवारी 2002 मध्ये ती गेली. त्याच वर्षी त्याच शहरात एका चर्चच्या तळघरात सहा खाटांवर ॲली फॉर्नी सेंटर सुरू झालं. तेराव्या वर्षापासून रस्त्यावर राहिलेल्या आणि डिसेंबर 1997 मध्ये हार्लेममध्ये गोळी घालून मारल्या गेलेल्या ॲली फॉर्नीच्या नावाने. मारला गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आमच्या वर्गातल्या मुलांच्याच वयाचा.

अमेरिकेतल्या बेघर तरुणांवर शिकागो विद्यापीठाच्या चेपिन हॉल या केंद्राने 2017 साली मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. समलिंगी आणि ट्रान्स तरुणांच्या वाट्याला बेघरपण येण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त असल्याचं त्यात दिसलं. आपल्याकडे असा मोठा अभ्यास झाला तर आकडे कमी येतील असं मला वाटत नाही. पण मला जास्त भिडलं ते लॉस एंजेलिसचे संशोधक एरिक राईस यांचं काम. बेघर पोरं कुणाकुणाच्या संपर्कात असतात हे ते तपासत गेले आणि त्यांना दोन तऱ्हेची नाती वेगवेगळी वागताना दिसली. रस्त्यावर जोडलेली, आणि आधीच्या आयुष्यातली: भावंडं, शाळेतले मित्र, एखादी आजी. फोनवरून किंवा इंटरनेटवरून का होईना, आधीच्या आयुष्यातलं कुणी ज्यांच्याशी बोलत राहिलं, ती पोरं धोक्याच्या वागण्यात कमी सापडली.

हे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. मराठवाड्याकडचा, कुरियरमध्ये काम करणारा. त्याची बहीण त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. घरात त्याचं नाव काढायची बंदी आहे. ती रोज रात्री जेवणं झाली की वाळवण आणायच्या नाहीतर फोनला रेंज नाही अशा सबबीने गच्चीवर जाते आणि साडेनऊला त्याला फोन लावते. पाच मिनिटं, कधी सात. काय बोलतात? आज काय भाजी होती, म्हशीला रेडकू झालं, आईचा गुडघा दुखतो, बाबांनी तुझ्या जुन्या सायकलला नवी ट्यूब टाकली. एवढंच. आणि हा मुलगा साडेनऊपर्यंत पेल्याला हात लावत नाही. खोलीतले सगळे पीत बसलेले असतात, हा चहा घेऊन बसतो. मी विचारलं, तिला वास थोडाच येणार आहे फोनवरून? तर म्हणाला, "तिला आवाजावरून कळतं मावशी. एकदा कळलं होतं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फोनच केला नाही."

साडेनऊनंतर तो पितो का? कधी पितो, कधी नाही. पण ज्याची संध्याकाळ सातला सुरू होते आणि ज्याची साडेनऊला, त्यांच्या महिन्याच्या हिशोबात आणि यकृतात फरक पडतोच. खोलीतल्या बाकीच्यांनाही आता त्या फोनची सवय झाली आहे. साडेनऊला गाणी बंद होतात. एकदा तिने स्पीकरवर सगळ्यांना नमस्कार सांगितला, तर बादलीत पाय बुडवून बसणारी ती मुलगी ओढणी सारखी करून बसली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधक केटलिन रायन यांनी 2009 साली दाखवलं होतं की ज्यांना कुटुंबाने जोरात झिडकारलं त्या समलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण न झिडकारलेल्यांच्या आठ पटींहून जास्त होतं, नशेच्या पदार्थांचा वापर तिपटीहून जास्त. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की झिडकारणं थोडं कमी झालं तरी मुलाच्या जिवाचा धोका कमी होतो. आईबापांनी एकदम मिरवणुकीत झेंडा घ्यायला हवा असं नाही. सायकलच्या ट्यूबची बातमी मुलापर्यंत पोचू दिली तरी काहीतरी होतं. मला खात्री आहे, त्या बापाला बहिणीचा फोन माहीत आहे. नाहीतर न वापरल्या जाणाऱ्या सायकलला कोण ट्यूब टाकतो?

माझा भाऊही पीत असे. त्याची दारू सुटायला फार वर्षं लागली, पण त्या सगळ्या वर्षांत त्याच्याकडे आख्खं घर होतं. आई ताट झाकून ठेवायची, वहिनी डॉक्टरांकडे जायची, मी भांडायचे. आपल्याकडे व्यसनमुक्तीचं सगळं शास्त्रच घर गृहीत धरून उभं आहे. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 ला अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्राला हे कळलं की व्यसन एकट्याचं नसतं, घराचं असतं, आणि उपचारही घराला धरून करावे लागतात. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. फार मोठं काम आहे ते, आणि माझ्या ओळखीतली किती घरं त्याने सावरली हे मी पाहिलंय. पण ज्याला घरच नाही त्याच्यासोबत येणार कोण?

मानखुर्दच्या त्या खोलीतली एक मुलगी फार आजारी पडली तेव्हा हा प्रश्न समोर उभा राहिला. हात कापायला लागले, रक्ताची उलटी झाली. एका केंद्रात भरती करायचं ठरलं. तिथल्या फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाचं नाव, नातं आणि सही लागत होती. सोबत तिची गुरू होती. पन्नाशीची, नऊवारी नेसणारी, कपाळावर मोठं कुंकू, खड्या आवाजाची बाई. डेऱ्यावर तिला सगळे अम्मा म्हणतात. तिने चष्मा लावला, फॉर्म दोनदा वाचला आणि नात्याच्या रकान्यात 'आई' लिहून खाली सही केली. खिडकीतल्या माणसाने एकदा वर पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि फॉर्म आत गेला. पुढचा प्रश्न मग पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, त्यात अर्धा दिवस गेला. पण भरती झाली.

गुरू-चेल्याच्या नात्यात दंड असतो, कमाईतला वाटा असतो, कडक रिवाज असतात; त्याला फार गोड करून सांगायची मला इच्छा नाही. तरी त्या अम्माने एक गोष्ट केली. मुलगी परत आल्यावर तिला पुन्हा मानखुर्दच्या खोलीवर पाठवलं नाही. आपल्याच खोलीत, स्वतःच्या अंथरुणाशेजारी जागा दिली आणि संध्याकाळच्या वेळी तिला डेऱ्याच्या स्वयंपाकाला लावलं. "आठ वाजता हात रिकामा राहिला नाही पाहिजे," एवढंच तिचं शास्त्र. माझ्या मते ते कुठल्याही समुपदेशकाच्या शास्त्राइतकंच खरं आहे.

कायद्याला ही अम्मा दिसत नाही. 2019 साली झालेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यातलं 12 वं कलम म्हणतं की अशा व्यक्तीला आपल्या आईवडिलांच्या घरात राहायचा हक्क आहे, आणि कुटुंब सांभाळू शकत नसेल तर न्यायालय तिला पुनर्वसन केंद्रात पाठवेल. म्हणजे एकतर जन्माचं घर, नाहीतर केंद्र. मधली सगळी माणसं, गुरू, गुरुभाई, मैत्रीण, खोलीतले सहा जण, कायद्याच्या लेखी कुणीच नाहीत. 'गरिमा गृह' नावाचे सरकारी मदतीचे निवारे निघाले, पहिल्याचं उद्घाटन 25 नोव्हेंबर 2020 ला बडोद्यात झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण एका गृहात साधारण पंचवीस जणांची सोय असते, अनेक ठिकाणी अनुदान महिनोन्‌महिने अडकून पडलं, आणि ही सोय तृतीयपंथी व्यक्तींपुरती आहे. मराठवाड्यातल्या त्या मुलाला किंवा आत्याकडे कोंडलेल्या त्या मुलीला तिथे जागा नाही. शिवाय बहुतेक निवाऱ्यांत नशा करून आत यायचं नाही अशी अट असते. ती का असते ते मला समजतं; एका पिऊन आलेल्या माणसामुळे बाकीच्यांची रात्र जाते. पण मग जो पितो म्हणून निवाऱ्यात जागा नाही, आणि निवारा नाही म्हणून पितो, त्याने जायचं कुठे?

न्यायालयं थोडी पुढे आली आहेत. 2018 च्या 6 सप्टेंबरला समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर आले हे सगळ्यांना माहीत आहे. मद्रास उच्च न्यायालयात 2021 मध्ये घरातून निघून आलेल्या दोन मुलींच्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी, आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असं वाटून, निकालाआधी स्वतः समुपदेशकाकडे जाऊन समजून घेतलं आणि मग सुरक्षित निवाऱ्यांसह बरेच आदेश दिले. त्याच न्यायालयाने मे 2025 मध्ये घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणीला तिच्या मैत्रिणीबरोबर जाऊ दिलं आणि लग्नाखेरीजही कुटुंब उभं राहू शकतं, निवडलेलं कुटुंब हेही कुटुंबच, हे मान्य केलं. हा विचार न्यायालयातून दवाखान्याच्या फॉर्मपर्यंत कधी पोचेल याची मी वाट पाहतेय.

काही गोष्टींना मात्र निकालाची गरज नाही. मुंबईत 1998 पासून गे बॉम्बे नावाच्या गटाने पार्ट्यांबरोबर रविवारच्या साध्या बैठका भरवल्या, आईवडिलांच्या भेटीही घडवल्या. सॅन फ्रान्सिस्कोत 1968 मध्येच दारू सोडू पाहणाऱ्या समलिंगी माणसांसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा गट निघाला होता. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, त्यातल्या एकीला मी भेटले होते. गणवेशाच्या खिशात शिट्टी ठेवून ती म्हणाली की सकाळी सहाला हजेरी असते, त्यामुळे रात्री दहाला झोपते. तिच्या पिण्याविषयी मी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

मराठवाड्यातल्या त्या मुलाच्या बहिणीचं लग्न ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की तारीख निघेल. सासर नाशिककडचं आहे, तिथे गच्ची आहे की नाही कुणाला ठाऊक, आणि नव्या सुनेने रोज साडेनऊला कुणाला फोन करायचा याची उत्तरं तिला द्यावी लागतील. मुलाने ते ओळखलंय. त्याचा एक चुलतभाऊ आठवड्यातून दोनदा फोन करायला तयार झाला आहे. आईला अजून कुणी विचारलेलं नाही. बहीण म्हणते, लग्नाच्या गडबडीत एकदा मी तिच्या हातात फोन देऊनच टाकते.

आमच्या संस्थेचा हॉल सातला बंद होतो. सातनंतर तिथे फक्त खुर्च्या आणि पंखे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ही पोरं खोलीवर पोचतात. गेले काही महिने आम्ही विश्वस्तांच्या मागे लागलो होतो. जानेवारीपासून बुधवारी आणि शनिवारी हॉल रात्री अकरापर्यंत उघडा राहील. कॅरम आहे, एक जुना टीव्ही आहे, शिलाई मशीन डेऱ्यावरून येणार आहे, आणि शनिवारी खिचडी करायची जबाबदारी अम्माने घेतली आहे. पिऊन आलेल्याला परत पाठवायचं नाही, कोपऱ्यात चटई टाकून झोपू द्यायचं, यावर बैठकीत बराच वाद झाला आणि शेवटी तसंच ठरलं. वॉचमनच्या जादा पगाराची सोय झाली आहे. बुधवारच्या जेवणाची अजून व्हायची आहे.